‘के’ गप्प का बसतो?

बाईंना विचारा : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या महिन्यात एकतीस पत्रं आली. त्यातली नऊ ‘मुलगी इंग्रजीत कच्ची आहे, काय करू’ याच वळणाची, त्यांना पुढच्या अंकात एकदमच उत्तर देईन. तीन पत्रांत प्रश्न नव्हता, नुसता राग होता. उरलेल्यांतली सात इथं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी अंबाजोगाईची. जिल्हा परिषदेच्या शाळांत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, २०१४ ला निवृत्त झाले. इंग्लंड पाहिलेलं नाही.

बाई, मी लातूरला ‘नीट’ची तयारी करतोय. गुडघ्याला ‘नी’ म्हणतात आणि स्पेलिंग ‘के’पासून. ‘नॉलेज’चंही तेच. बोलायचा नाही तर ‘के’ लिहायचा कशाला? हे ठरवलं कोणी? (एक विद्यार्थी, रेणापूर)

कोणीच ठरवलं नाही बाळा, तिथंच तर घोळ आहे. हा ‘के’ एकेकाळी चांगला बोलत होता. जर्मन माणूस गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतो, इंग्रजही तसंच म्हणायचा. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याच्या तोंडून तो गळाला. पण तोवर छापखाने आले होते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला पहिला छापखाना घातला, आणि जे खिळ्यांत बसलं ते हळूहळू तसंच गोठलं. जीभ पुढं गेली, कागद मागं राहिला. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर सगळे जागेवरून हलले. ‘हाउस’ला आधी ‘हूस’ म्हणत. ‘नेम’ तर जवळजवळ आपल्या ‘नाम’सारखंच म्हणत. म्हणजे तू आज पाठ करतोस ते स्पेलिंग चुकीचं नाही, ते सहाशे वर्षांपूर्वीच्या बोलण्याचं आहे.

हा झाला ‘के’. ‘डेट’मधल्या, म्हणजे कर्जातल्या ‘बी’ची गोष्ट वेगळी. तो कधीच कोणी उच्चारला नाही. शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. मागाहून लॅटिन शिकलेल्या पंडितांना वाटलं, मूळ लॅटिन शब्दात ‘बी’ आहे तर आपल्याकडंही दिसायला हवा. बसवला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर साफ चुकून बसवलाय, त्याचं लॅटिनशी नातंसुद्धा नाही. मी वर्गात सांगायची, ‘के’ हा पेन्शनर आहे, त्यानं नोकरी केलेली आहे, त्याचा मान ठेवा. ‘बी’ हा वशिल्यानं लागलेला.

आपल्याकडंही असे पेन्शनर होते. माझे वडील ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असं लिहीत, पण नाकातून कधी बोलले नाहीत. १९६२ साली साहित्य महामंडळाचे नियम आले आणि ते अनुस्वार एका फटक्यात उतरले. इंग्रजीला असं महामंडळ नाही. फ्रेंचांनी १६३५ सालीच आपल्या भाषेसाठी अकादमी काढली, इंग्रजांनी काढली नाही ती नाहीच. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने ‘कलर’मधला ‘यू’ काढून दाखवला, १८२८ च्या त्याच्या कोशातून ते पक्कं झालं. पण ‘टंग’चं, म्हणजे जिभेचं स्पेलिंग सरळ टी-यू-एन-जी करा म्हणाला, ते कोणी ऐकलं नाही.

आता ‘नॉलेज’कडं ये. त्यातला ‘नो’ आणि आपलं ‘ज्ञान’ एकाच फार जुन्या मुळातून फुटलेले आहेत. त्यांचा ‘के’ आणि आपल्या ‘ज्ञ’मधला ‘ज्’ हे भाऊभाऊ. त्यांनी तो गिळला. आपण ‘ज्’ला ‘ञ’ जोडून लिहितो आणि म्हणतो ‘द्न्य’, हिंदीवाले म्हणतात ‘ग्य’. तेव्हा ज्ञानोबांच्या आपेगावाकडच्या माणसांनी इंग्रजांच्या ‘के’ला फार नावं ठेवू नयेत.

‘मीटिंग प्रीपोन झाली’ हे बरोबर का? आणि ‘मी २०१९ चा पासआउट’? (एक वाचक, हिंगोली)

‘प्रीपोन’ बिनधास्त वापरा. तो आपल्या देशातच रुळला आणि ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला. ‘पासआउट’ला मात्र जपा. लष्करात तो चालतो, एरवी लंडनच्या माणसाला वाटेल २०१९ साली तुम्हाला चक्कर येऊन पडायला झालं होतं.

माझा मुलगा इंग्रजी शाळेत जातो. माझ्या भावालाही अंकल म्हणतो आणि माझ्या दिरालाही. भावाची मुलगी कझिन, दिराची मुलगीही कझिन. सासूबाई रोज टोमणे मारतात. (एक आई, माजलगाव)

सासूबाईंचं बरोबर आहे, आणि मी हे सहसा म्हणत नाही.

आपल्याकडं मामाची मुलगी करायची रीत, काकाची मुलगी सख्ख्या बहिणीसारखी. दोघींना एकाच ‘कझिन’च्या पोत्यात घातलं तर उद्या सोयरिकीला बसलेल्यांनी काय समजायचं? ‘साडू’ला तर इंग्रजीत धड शब्दच नाही. आपल्याच लोकांनी ‘को-ब्रदर’ तयार केलाय, तो इंग्रजाला कळत नाही.

पण सासूबाईंना एक सांगा. जुन्या इंग्रजीत चुलत्याला वेगळा शब्द होता आणि मामाला वेगळा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, आणि पुढं फ्रेंचांच्या ‘ओंक्ल’नं ते दोन्ही शब्द खाऊन टाकले. तोच आजचा ‘अंकल’. आता या ‘ओंक्ल’चं मूळ लॅटिनमध्ये बघितलं तर त्याचा अर्थ निघतो आईचा भाऊ! म्हणजे हक्कानं अंकल म्हणावं असा माणूस तुमच्या घरात एकच, तो तुमचा भाऊ. दिराला काकाच म्हणायला लावा.

बांधाची केस आहे. तहसीलला, जिल्ह्याला सगळं मराठीत चाललं, समजत होतं. आता औरंगाबाद खंडपीठात गेली तर सगळा कागद इंग्रजी. पोरानं मोबाइलवर निकाल उघडला, शेवटी लिहिलंय ‘रूल डिस्चार्ज्ड’. डिस्चार्ज म्हणजे दवाखान्यातून सुट्टी. मग आपण सुटलो का? (एक शेतकरी, कळंब)

भाऊ, आधी मला सांगा, खंडपीठात याचिका कोणी केली होती, तुम्ही का शेजाऱ्यानं? सगळं त्यावर आहे. याचिका दाखल करून घेताना कोर्ट ‘रूल’ काढतं. म्हणजे समोरच्याला विचारतं, हा मागतोय ते का देऊ नये? शेवटी मागणी मान्य झाली तर लिहितात ‘रूल मेड अ‍ॅब्सोल्यूट’. फेटाळली तर ‘रूल डिस्चार्ज्ड’. तेव्हा याचिका शेजाऱ्याची असेल तर पेढे वाटा. तुमची असेल तर आजच वकिलांना गाठा, पुढं जायचं तर त्याला मुदत असते, आणि ‘काळजी करू नका’ हे उत्तर या वेळी घेऊ नका. शेवटच्या पानावरचा आदेश मराठीत अर्ध्या कागदावर लिहून मागा. त्यांना पाच मिनिटं लागतील.

घाबरवणारे आणखी काही शब्द एकदाच सांगून टाकते. ‘डिसमिस्ड’ म्हणजे फेटाळलं. ‘अलाउड’ म्हणजे मान्य. ‘डिस्पोज्ड ऑफ’ ऐकून लोकांना वाटतं कागद फेकून दिले. तसं नाही, निकाली काढलं एवढंच, कोण जिंकलं ते आत वाचावं लागतं. ‘रिमांड’ म्हटलं की पोलीस कोठडी आठवते, पण दिवाणी प्रकरणात त्याचा अर्थ खालच्या कोर्टाकडं फेरविचाराला परत. ‘स्टेटस को’ म्हणजे जैसे थे, बांधावरचा दगड हलवायचा नाही.

इंग्रजीच का, तर राज्यघटनेचं ३४८ वं कलम. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत, असं ते सांगतं. राष्ट्रपतींच्या संमतीनं राज्यपाल उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याची भाषा आणू शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार इथं हिंदीला तशी वाट मिळाली. आपल्याकडं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांची मराठी भाषांतरं आता मिळतात, पण वाद पडला तर खरा मानायचा तो इंग्रजीच.

मला याचं नवल वाटत नाही, कारण मी पटवाऱ्याची मुलगी. हैदराबाद संस्थानात १८८४ पर्यंत सरकारी कारभाराची भाषा फारसी होती, मग उर्दू झाली. वडील निजामाच्या शाळेत ‘वस्तानिया’पर्यंत, म्हणजे मिडलपर्यंत शिकलेले, तेही उर्दूतून. सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं आणि त्यांच्या उर्दूचा भाव एका पावसाळ्यात उतरला. तुमच्याच घरी ट्रंक उघडून बघा. आजोबांचा दस्त उर्दूत निघेल, सातबारा मराठीत आहे, निकाल इंग्रजीत आला. बांध तेवढाच आहे.

मी शेंद्रा एमआयडीसीत तंत्रज्ञ आहे. मशीन बसवायला कोरियाचे इंजिनिअर आले होते. दोन महिने त्यांच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोललो, काम चोख झालं. पण मीटिंगमध्ये तोंड उघडलं की आमचेच साहेब हसतात. ज्यांची भाषा आहे त्यांनी हसावं, हे का हसतात? (बदनापूर)

ज्यांची भाषा आहे ते आता अल्पसंख्य आहेत. जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना थोडीफार इंग्रजी येते, आणि त्यात जन्मापासून तीच बोलणारे चाळीस कोटींच्या आत. उरलेले सगळे तुमच्यासारखे आणि त्या कोरियन माणसासारखे. म्हणजे तुमचं दोन महिन्यांचं बोलणं हेच जगातलं नेहमीचं इंग्रजी झालं. त्यांच्या भाषेत ‘एफ’चा आवाज नाही, ते कॉफीला ‘कोपी’ म्हणतात. आपणही ‘फोन’ म्हणताना फळातला ‘फ’ वापरतो. फिट्टंफाट.

भाषा चांगली असूनही घोटाळा होतो, त्याचं एक भयंकर उदाहरण आहे. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं. एका विमानातून डच वैमानिक म्हणाला, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’. त्याचा अर्थ, आम्ही निघालोच. टॉवरमधल्या स्पॅनिश माणसानं घेतला, उड्डाणाच्या जागी थांबलो आहोत. म्हणाला ‘ओके’. एक डच, एक स्पॅनिश, मधे इंग्रजी, आणि एक छोटंसं ‘अ‍ॅट’. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच काढतात, एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजीची ठरावीक पातळी लागते. त्या पातळीत मातृभाषेची छाप उच्चारावर असलेली चालते, समोरच्याला समजायला अडू नये इतकंच. तुमच्या साहेबांना ही अट सांगून बघा. किंवा नका सांगू, नोकरी तुमची आहे.

हसण्याचं म्हणाल तर माझंही ऐका. १९८३ साली एका मोठ्या शहरात शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. चाळीस जणांपुढं धडा वाचायला मला उभं केलं. त्यात सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल आलं. मी ठणठणीत आवाजात वाचलं, ‘कोलोनेल’. मागच्या बाकांपर्यंत हसू गेलं. शिकवणाऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. आता ‘कर्नल’ हा शब्द मला काय माहीत नव्हता? पेपरात रोज वाचत होते, मराठीत. पण तो हाच, हे स्पेलिंग बघून कोणाच्या बापाला कळणार? रात्री मुक्कामाच्या खोलीत रडले. कोशात शोधलं ते परत आल्यावर. इटलीच्या शब्दात ‘ल’ होता, फ्रेंचांनी त्याचा ‘र’ केला. इंग्रजांकडं दोन्ही पोचले आणि त्यांनी लिहायला एक ठेवला, बोलायला दुसरा. म्हणजे जसं लिहिलंय तसं वाचणारी त्या खोलीत मी एकटीच होते. हे त्या गृहस्थांना सांगायचं राहून गेलं.

घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात उर्दू-हिंदी. त्यात आता इंग्रजी. पोराचा गोंधळ नाही का होणार? (देगलूर)

नाही होणार. ज्याला तीन घरांत जेवायची सवय आहे तो चौथ्या घरी लाजत नाही. उलट त्याला सांगा, इंग्रजीत तुमचं थोडं देणं आहे. त्यांची ‘बँडिकूट’ ही आपली घूस, आणि तो शब्द त्यांनी तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून घेतला. ‘मंगूस’ म्हणजे मुंगूस, तो मराठीकडून गेला. घूस तुमच्या घरची, मुंगूस शाळेतलं. फक्त ‘गूस’चं अनेकवचन ‘गीस’ होतं म्हणून ‘मंगूस’चं ‘मंगीस’ करू नको म्हणावं, ‘मंगूसेस’ होतं. आमच्या मुंगसाला तो नियम लागू नाही.

इंग्रजीत एकेका शब्दाचे किती अर्थ! ‘लीव्ह’ म्हणजे सोडणे आणि रजाही. ‘वेल’ म्हणजे बरं आणि विहीरही. डिक्शनरी पाठ तरी किती करायची? (एक गृहिणी, परळी वैजनाथ)

अजिबात पाठ करू नका. ‘वेल’ हा दोन अर्थांचा एक शब्द नाहीच. ते दोन वेगळे शब्द आहेत, झिजून झिजून सारखे दिसायला लागलेले. विहिरीचा ‘वेल’ पाण्याच्या उसळण्यावरून आला, बऱ्याचा ‘वेल’ दुसऱ्याच घराण्यातला. मराठीत ‘वर’ बघा. मांडवात बसतो तो वर, देव देतो तो वर, आणि माळ्यावर चढायचं तेही वर. आपण कधी अडलो का? शेजारचा शब्द सांगतो ना. शेजार काढून घेतला की मात्र पंचाईत होते. ती आमच्या घरानं भोगलेली आहे.

१९६६ सालची गोष्ट. मी दहा वर्षांची, अक्का हैदराबादेत दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण तिकडंच होणार होतं. एका दुपारी पोस्टमन तार घेऊन आला. तार म्हणजे मेल्याची खबर, असाच समज तेव्हा. नुसता कागद बघूनच आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. वडिलांना उर्दू येत होती, मोडी येत होती, इंग्रजीचं अक्षर नाही. गावात इंग्रजी येणारा एकच, माझा चुलतभाऊ. मॅट्रिकला दोनदा बसलेला. त्याला शेतातून बोलावून आणलं.

तारेत चार शब्द होते : ‘डॉटर बॉर्न बोथ वेल’.

शब्दाला पैसे पडायचे ना, म्हणून दाजींनी शेजारपाजार सगळा छाटलेला. भावानं कागद उलटासुलटा केला. मग बोट ठेवून सांगायला लागला. डॉटर म्हणजे लेक. बॉर्न काही त्याला लागेना, तो सोडला. बोथ म्हणजे दोघं. वेल म्हणजे विहीर.

अंगणात कोणी काही बोललं नाही. तुम्ही हसाल, पण त्या काळी लेकुरवाळ्या सुना विहिरीत सापडायच्या, ते कोणाला नवीन नव्हतं. दाजी तापट म्हणून प्रसिद्ध. अक्काचा थोरला तेव्हा दोन वर्षांचा, म्हणजे दोघं कोण तेही सगळ्यांनी मनातल्या मनात जुळवलं. आई मटकन खाली बसली. वडिलांनी तार खिशात घातली, सायकल काढली आणि तीन कोसांवर अंबाजोगाईला तारबाबूकडं गेले. डोक्याला टोपी नव्हती. वडील बिनटोपीचे घराबाहेर पडलेले मी त्या एकदाच पाहिले.

दिवेलागणीनंतर लांबून सायकलची घंटी ऐकू आली. नुसती वाजतच होती, थांबेचना. हँडलला पेढ्यांचा पुडा बांधलेला. आईचा विश्वास बसेना. ‘तुम्ही आधी खा’, म्हणाली. वडिलांनी तिच्यासमोर एक पेढा खाल्ला, तेव्हा ती रडायला लागली. चुलतभाऊ कडब्याच्या गंजीमागं लपला होता. त्याला रात्री उशिरा काढला, तेव्हा पुड्यात दोनच पेढे उरले होते, ते त्याला दिले.

ती भाची आता साठीची झाली, हैदराबादेतच असते. आमच्याकडं आली की लहानथोर सगळे तिला अजून विहीरच म्हणतात.